प्रोफेसर जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

मुलाची शाळा संपत आली म्हणजे त्यास पुढे कोणत्या विद्येस घालावे, हा प्रश्न खेड्यांतील आईबाप उपदेशकास विचारीत असतात. पगार किती मिळेल हे पाहणे गैर नव्हे. परंतु परमेश्वराने या मुलास काय दिले आहे, आणि ते कोणाच्या उपयोगी पडावे, हे दोन प्रश्न त्याच्याही आधी विचारावयास हवेत. ज्यांच्या आयुष्यात या दोहोंचे उत्तर स्पष्ट दिसते अशा एका गृहस्थांचे चरित्र आम्ही येथे देत आहो.

जॉर्ज कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या सुमारास अमेरिकेतील मिसूरी प्रांतात एका गुलाम स्त्रीच्या पोटी झाला. जॉर्ज तान्हा असताना लुटारूंनी मायलेकरांस पळवून नेले. मूल परत मिळाले; आई कधीच मिळाली नाही. गुलामगिरी संपल्यावर पूर्वीचे धनी मोझेस कार्व्हर व त्यांची पत्नी यांनीच त्यास वाढविले. प्रकृतीने अशक्त असल्यामुळे जड कामे त्याच्या वाट्यास आली नाहीत. तो रानात फिरे, झाडे आणून लावी व रोगट झाडे बरी करी. पुढे निओशो गावी काळ्या मुलांच्या शाळेत शिकत असता ज्या बाईंच्या घरी तो राहिला, त्यांनी त्यास पवित्र शास्त्र दिले. ते त्याने जन्मभर वापरले.

१८८५ साली कॅन्सस प्रांतातील एका कॉलेजाने त्यास पत्राने प्रवेश दिला. परंतु तो दारी उभा राहताच त्याचा वर्ण पाहून त्यास परत पाठविले. या आघातानंतर पाच वर्षे गेली. १८९० मध्ये आयोवा प्रांतातील सिम्प्सन या मेथडिस्ट कॉलेजात त्यास जागा मिळाली. तेथे तो चित्रकला शिकू लागला, व लोकांचे कपडे धुऊन पोट भरू लागला.

त्याच्या चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड बाई यांनी येथे जे केले त्याकडे आमच्या पंतोजींनी व उपदेशकांनी लक्ष द्यावे. जॉर्जच्या चित्रांतील पानाफुलांचे बारकावे पाहून, याचे डोळे वनस्पतिशास्त्रज्ञाचे आहेत, हे त्यांनी ओळखले. बाईंचे वडील एम्स येथील शेतकी कॉलेजात प्रोफेसर होते. तेथे जावे असा सल्ला त्यांनी दिला. जॉर्जचा जीव चित्रांत होता, व रंग बाजूला ठेवणे त्यास सोपे गेले नाही. परंतु आपले बांधव शेतीवर जगतात, आणि चित्रांपेक्षा शेतीविद्येचाच त्यांस अधिक उपयोग होईल, हा विचार करून १८९१ साली तो एम्सला गेला. प्रथम त्यास इतर विद्यार्थ्यांच्या पंक्तीस बसू दिले नाही, तरी तो टिकला. १८९४ त पहिली पदवी व १८९६ त दुसरी पदवी त्यांनी मिळविली, आणि त्याच कॉलेजात ते शिकवूही लागले.

तेथे मान होता, सूक्ष्मदर्शक यंत्रे होती. इतक्यात अलाबामा प्रांतातील टस्कीगी येथून, काळ्या लोकांसाठी शाळा चालविणाऱ्या बुकर वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले. कार्व्हर यांनी ते प्रभूचे बोलावणे मानले व १८९६ सालीच निघाले. टस्कीगीस प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी विद्यार्थ्यांस उकिरड्यांवर नेऊन फुटक्या बाटल्या, जुने डबे व तारा वेचविल्या, आणि त्यांतून उपकरणे तयार केली. पाच हजारांस जेवू घातल्यावर प्रभूने शिष्यांकडून उरलेले तुकडे गोळा करविले, त्याची येथे आठवण होते.

भोवतालचे शेतकरी दुसऱ्याची जमीन वाट्याने करीत. वर्षानुवर्षे कापूसच लाविल्याने जमिनीचा कस गेला होता. चवळी, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र साठते व जमीन सुधारते, हे कार्व्हर यांनी त्यांस शेतात दाखविले. पालापाचोळ्याचे खत करावयास शिकविले. गरिबांस समजतील अशा लहान पुस्तिका काढल्या. १९१६ च्या पुस्तिकेत भुईमुगाचे पदार्थ करण्याच्या १०५ रीती आहेत. १९०६ साली अवजारे व बियाणे भरलेली गाडी गावोगाव फिरू लागली, आणि त्यांचा विद्यार्थी टॉमस कॅम्बेल हा तिच्यावरील शेतकी उपदेशक झाला. रविवारी विद्यार्थी आपखुशीने त्यांच्या शास्त्रवर्गास येत.

त्यांच्यात उणिवाही होत्या. कारभारात ते कच्चे असल्यामुळे वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचे वारंवार खटके उडत. भुईमुगाचे लोणी त्यांनीच शोधिले असे सांगतात, तेही खरे नव्हे. आणि त्यांनी काढिलेल्या शेकडो पदार्थांपैकी बाजारात फारच थोडे चालले. परंतु चांगल्या मनुष्याची थोरवी सांगण्यास खोट्याचा आधार लागत नाही. त्यांची खरी कमाई म्हणजे शेतकऱ्यास मिळालेला धीर व विद्यार्थ्यांस लागलेले वळण. साध्या राहणीने साठविलेले सुमारे ६०,००० डॉलर त्यांनी पुढील संशोधनासाठी दिले. ५ जानेवारी १९४३ रोजी ते प्रभूच्या विसाव्यात गेले.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळीतही एखादे मूल बेडकाचे पाय न्याहाळीत, किंवा बिघडलेला पंप उघडून बसत असेल. त्यास रिकामटेकडा म्हणू नका. बड बाईंप्रमाणे त्याची देणगी ओळखा, तिला वाट दाखवा, आणि ती कोणाच्या सेवेस लावावी हे त्यास प्रार्थनेत ठरवू द्या.