डोक्यावरचं छप्पर : पंडिता रमाबाई

(तृतीय वर्ष, स्थापत्य)

होस्टेलला खोली मिळवायला आपल्याला काय लागतं? फीची पावती, दोन फोटो आणि पालकाची सही. मला दहा मिनिटांत किल्ली मिळाली. त्या रात्री मात्र झोप आली नाही. कारण माझ्या आईला हिंगोलीत एक खोली मिळायला २२ दिवस लागले होते.

वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो, बहीण चौथीत. गावातल्या घरात आमची जागा उरली नाही. आई आम्हा दोघांना घेऊन हिंगोलीला आली. डिपॉझिटचे पैसे तिच्या पदराला बांधलेले होते. पण जिथं जावं तिथं सोबत पुरुष माणूस कोण, ही चौकशी आधी. कुणी नाही म्हटलं की खोली कालच गेलेली असायची. ते दिवस आम्ही एका देवळाच्या धर्मशाळेत काढले. तिथल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यांनी आम्ही जेवलो की नाही एवढंच विचारलं, दुसरं काही नाही.

म्हणून लायब्ररीत पंडिता रमाबाईंचं चरित्र हाती आलं तेव्हा ते मला परक्याचं वाटलं नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्या काळी लोकांचा रोष ओढवून घेतलेला माणूस. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरायचं. स्वतःचं म्हणावं असं घर नव्हतंच. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण पदवीनं घर मिळत नाही, हे आपल्यालाही माहीत आहे.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेर, बंगाली वकील बिपिनबिहारी मेधवी यांच्याशी लग्न केलं. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ मध्ये पती कॉलऱ्यानं गेले. म्हणजे तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर लेक आणि पाठीशी ना माहेर ना सासर. इथं मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो होतो.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, पुस्तक लिहिलं आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथं त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढं अमेरिकेत गावोगाव व्याख्यानं देऊन हिंदू विधवांसाठी घर उभारायला पैसे जमवले. बोस्टनच्या मंडळानं १० वर्षं मदत देण्याचं कबूल केलं. त्या पैशातून ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. इथं राहायचं, शिकायचं आणि आपल्या पायावर उभं राहायचं. याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला.

पण १८९३ मध्येच वादळ उठलं. सदनात धर्माची सक्ती करायची नाही असं ठरलेलं होतं. तरी रमाबाईंच्या प्रार्थनेच्या वेळी दार उघडं असायचं आणि काही मुली आत जाऊन बसायच्या. पुण्यात गहजब झाला. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. त्यातल्या किती जणी पुन्हा त्याच अंधाऱ्या माजघरात गेल्या असतील?

रमाबाई थांबल्या नाहीत. अमेरिकेची मदत १० वर्षांनी संपणार हे ओळखून त्यांनी पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला जमीन घेतली होती. फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावं, हा हिशोब. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपाशी विधवा, पोरक्या मुली शेकड्यांनी घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळं कडक निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. तिथंच मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. एवढ्या माणसांना विहिरी हव्यात, धान्य हवं, इमारती हव्यात! विणकाम, शेती, छापखाना, सगळी कामं बायकाच करायच्या. समाजानं टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निराळं होतं. अंध मुलींनाही शिकवलं जाई.

मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होतं आणि तिथल्या पुष्कळ जणींनी तो धर्म घेतला. भुकेल्याला छप्पर देताना आपला धर्म किती पुढं करावा, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. पण त्या दुष्काळात या बायकांना दारात घेणारं दुसरं कोण होतं, हेही विचारावं लागतं. आपल्या नर्सीच्या नामदेवांच्या घरी गंगाखेडची पोरकी जनी वाढली, असं परंपरा सांगते. श्रद्धेनं दार उघडायचं, ही रीत आपल्याकडं नवी नाही.

मनोरमा आईच्या हाताशी काम करत मोठी झाली. गुलबर्ग्याला तिनं शाळा चालवली. गुलबर्गा आणि आपली हिंगोली तेव्हा एकाच निजामाच्या राज्यात. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. त्यांची संस्था केडगावला आजही आहे. ट्रेनिंगसाठी पुण्याला जाताना गाडीतून केडगाव स्टेशनचा बोर्ड दिसला, तेव्हा मी उगाच उठून दारात उभा राहिलो.

गेल्या सेमिस्टरला ड्रॉइंगच्या शीटवर मी एक आई आणि दोन मुलं राहतील अशा खोल्यांची चाळ काढली. प्रत्येकीला वेगळं दार, आतून कडी, मधे सामाईक अंगण आणि शिवणकामाची शेड. सरांनी हे सिलॅबसमध्ये नाही म्हणून सांगितलं, पण सही केली.

आई अजून त्याच खोलीत राहते, भाडं कधी चुकवत नाही. तुमच्या घरची एखादी खोली रिकामी असेल आणि दारात लेकरं घेऊन बाई उभी राहिली, तर पुरुष माणूस कोण हे विचारू नका. सुट्टीत गावी गेलात की घरच्यांशी एवढं तरी बोला.