वैद्यराज गार्सिया द ओर्ता

उत्तर कोकणातील वसईचा प्रदेश फार पूर्वीपासून बागाईतीसाठी प्रसिद्ध आहे. बावखलांच्या पाण्यावर येथील वाड्यांत केळी, नारळी, पोफळी आणि पानवेली पोसल्या गेल्या. या मुलखातील शेतकऱ्यांची व वाड्या राखणाऱ्या माळ्यांची नोंद साडेचारशे वर्षांपूर्वी एका परदेशी वैद्याने आपल्या ग्रंथात केली. त्या वैद्याचे नाव गार्सिया द ओर्ता. भारतातील फळे, मसाले व औषधी वनस्पती यांची खरी ओळख युरोपला करून देणाऱ्यांत त्याचे स्थान फार वरचे आहे.

गार्सियाचा जन्म इ. स. १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हीदे या गावी झाला. हे गाव स्पेनच्या सीमेजवळ आहे. त्याचे आईबाप मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना देशाबाहेर घालविले, तेव्हा हे कुटुंब पोर्तुगालच्या आश्रयास आले. परंतु तेथेही त्यांना स्वस्थता लाभली नाही. १४९७ साली पोर्तुगालच्या राजाने यहुद्यांवर ख्रिस्ती धर्म सक्तीने लादला. असे बाटविलेले लोक चर्चमध्ये जात, तरी राज्यकर्ते त्यांच्याकडे सदैव संशयाने पाहत. या भीतीच्या छायेतच गार्सियाचे बालपण गेले.

वडील व्यापारी होते. त्यांनी मुलाच्या शिक्षणात उणे पडू दिले नाही. स्पेनमधील सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत गार्सियाने वैद्यकाचा अभ्यास केला आणि १५२३ साली तो मायदेशी परतला. काही वर्षे त्याने आपल्या गावी वैद्यकी केली. नंतर लिस्बन येथे तो विद्यापीठात शिकवू लागला. मान, पैसा, राजदरबारी वजन हे सारे त्याला लाभले होते. तथापि त्याच्या मनाला एक गोष्ट सतत बोचत असे. मिरी, आले, वेलची, हळद ही औषधे तो रोग्यांना देत असे, पण ती ज्या झाडांपासून येतात, ती झाडे त्याने कधी पाहिली नव्हती. शिवाय पोर्तुगालमध्ये त्याच्या जातभाइंवरील संकटही दिवसेंदिवस जवळ येत होते. अखेर मार्च १५३४ मध्ये मार्तिम आफोन्सो द सौझा या सरदाराच्या आरमारातून, त्याचा वैद्य म्हणून, गार्सिया हिंदुस्थानास निघाला. सहा महिन्यांच्या प्रवासानंतर सप्टेंबरमध्ये तो गोव्याच्या बंदरात उतरला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई व तिच्या ताब्यातील मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. सौझाच्या आरमाराबरोबर गार्सिया पश्चिम किनाऱ्यावर हिंडला. इतर लोक किल्ले आणि जकाती मोजीत होते. गार्सियाचे लक्ष मात्र शेतांकडे, झाडांकडे व माणसांच्या कामाकडे असे. भात आणि कडधान्ये पिकविणारे कुणबी, वाड्या शिंपणारे माळी, वसूल गोळा करणारे प्रभू हे सारे त्याने बारकाईने पाहिले आणि पुढे आपल्या ग्रंथात त्यांची नावे येथल्याच बोलीत नोंदवली.

काही वर्षांनी तो गोव्यास स्थायिक झाला. त्याच्या औषधाला गुण येतो, अशी त्याची कीर्ती पसरली. अहमदनगरचा राजा बुऱ्हाण निजामशहा त्याला उपचारासाठी बोलावीत असे. या दोघांत केवळ वैद्य आणि रोगी एवढेच नाते राहिले नाही. निजामशहा विद्येचा चाहता होता. त्याच्या दरबारातील हकिमांशी गार्सियाने पुष्कळ चर्चा केली. हिंदू वैद्यांपासूनही तो निःसंकोचपणे शिकला. त्या काळी युरोपातील वैद्य प्राचीन ग्रीक आचार्यांचे वचन अखेरचे प्रमाण मानीत. झाड एका प्रकारचे आणि ग्रंथातील वर्णन दुसऱ्याच प्रकारचे असले, तरी ग्रंथावर शंका घेण्यास ते धजत नसत. स्वदेशी असताना या आचार्यांविरुद्ध बोलण्याचे धाडस आपल्यालाही झाले नसते, हे गार्सियाने मोकळेपणाने मान्य केले आहे. येथे मात्र त्याने आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. वनस्पती हाती घ्यावी, तिचे पान, फूल, फळ पाहावे, तिची चव घ्यावी आणि तिचे स्थानिक नाव जाणत्या माणसास विचारावे, असा त्याचा परिपाठ होता.

गोव्यातील घराजवळ त्याने औषधी वनस्पतींची बाग केली होती. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीज सरकारने मुंबईचे बेट त्याला खंडाने दिले. आज जेथे लक्षावधी लोकांची वस्ती आहे, तेथे त्या वेळी कोळीवाडे, भातखाचरे व माडांच्या राया होत्या. त्या बेटावर गार्सियाच्या मालकीचे एक आंब्याचे झाड होते. ते वर्षातून दोनदा फळे देई. या नवलाची नोंद त्याने आपल्या ग्रंथात आवर्जून केली आहे.

जवळजवळ तीस वर्षांच्या व्यासंगानंतर १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात त्याचा ग्रंथ छापून झाला. भारतात छापखाना येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. छपाईत चुका पुष्कळ राहिल्या, परंतु आतील मजकूर अनमोल होता. विद्वानांच्या लॅटिन भाषेऐवजी गार्सियाने आपल्या मायबोलीत, पोर्तुगीजमध्ये, हा ग्रंथ रचला. त्याची मांडणी संवादरूप आहे. रुआनो नावाचा एक कल्पित वैद्य युरोपातून येतो व प्रश्न विचारतो. गार्सिया त्याला उत्तरे देतो. मधूनच अंतोनिया नावाची दासी एखादी फांदी वा फळ आणून समोर ठेवते. पन्नासांहून अधिक संवादांत आंबा, फणस, नारळ, जांभूळ, करवंद, करमळ, कोकम, पारिजातक, निंब, निर्गुडी, विड्याचे पान अशा कितीतरी वनस्पतींचे वर्णन येते. कोणत्या प्रांतीचे फळ सरस, कोणत्या भाषेत त्याला काय म्हणतात, हेही त्याने सांगितले आहे. पटकीच्या रोगाचे त्याने केलेले वर्णनही वैद्यकाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते.

क्लूसियस नावाच्या एका तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती हा ग्रंथ लिस्बनमध्ये पडला. त्याने लॅटिनमध्ये त्याचा संक्षेप करून १५६७ साली अँटवर्प येथे प्रसिद्ध केला आणि गार्सियाचे ज्ञान साऱ्या युरोपात पोहोचले. हाच क्लूसियस पुढे हॉलंडमधील लायडन विद्यापीठाच्या वनस्पतिबागेचा प्रमुख झाला. देशोदेशींच्या वनस्पती एके ठिकाणी लावून जतन करण्याचे कार्य त्या बागेत आजही चालू आहे.

गार्सियाच्या घरावर मात्र संकट कोसळले. धर्माच्या नावाने लोकांची झडती घेणारे न्यायासन, म्हणजे इन्क्विझिशन, १५६० साली गोव्यात स्थापन झाले होते. १५६८ साली गार्सिया निवर्तला. यहुदी धर्म गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून त्याची बहीण कातारिना हिला दुसऱ्याच वर्षी जिवंत जाळण्यात आले. एवढ्यावरही त्या न्यायासनाचे समाधान झाले नाही. १५८० साली गार्सियाच्या अस्थी थडग्यातून उकरून काढण्यात आल्या व त्याही जाळण्यात आल्या. ज्याने हजारो रोग्यांचे दुःख हलके केले, त्याला मृत्यूनंतरही विश्रांती मिळाली नाही. परंतु ग्रंथ तोपर्यंत समुद्रापार गेला होता. तो जाळणे कोणाच्याही हाती राहिले नव्हते. आज पणजीच्या नगरोद्यानास गार्सियाचे नाव आहे.

गार्सियाच्या लेखणीने वर्णने राखली. पण वर्षातून दोनदा फळणारा तो आंबा आज नाही. ग्रंथ वाचून त्याची माहिती मिळते, त्याचे फळ मिळत नाही. आंब्याची कोय लावली, तर उगवणारे झाड बहुधा मूळ झाडासारखे निपजत नाही. उत्तम आंब्याची जात टिकवायची, तर त्याचे कलम करावे लागते. केळीचे तसेच आहे. खाण्याच्या केळ्यात बी नसते. केळीच्या बुडाशी फुटणारे मुनवे काढून लावावे लागतात. धान्याचे बी कोरडे व थंड ठेवले, तर वर्षानुवर्षे टिकते. अशा फळझाडांच्या जाती मात्र जिवंत झाडांच्या रूपानेच राखाव्या लागतात. म्हणून तर बागांचे संग्रह उभारले गेले. पुण्याजवळ गणेशखिंड येथे १८७३ साली वनस्पतिबाग स्थापन झाली आणि तेथे आंब्याच्या अनेक जातींची कलमे जतन करण्यात आली. बेल्जियममधील लोव्हेन येथे केळीच्या दीड हजारांहून अधिक प्रकारांची रोपटी काचेच्या नळ्यांत वाढवून सांभाळली जातात.

या खटाटोपाचे कारण अनुभवाने पटले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्य अमेरिकेतील अफाट मळ्यांत ग्रो मिशेल ही केळीची एकच जात लावलेली होती. मातीतील एका बुरशीने त्या मळ्यांचा फडशा पाडला आणि १९६० च्या सुमारास ती जात व्यापारातून जवळजवळ नाहीशी झाली. तिची जागा कॅव्हेंडिश गटातील केळीने घेतली. बसराई याच गटातील. आता त्या बुरशीचा नवा प्रकार या गटालाही ग्रासू लागला आहे. अशा रोगाशी झुंजण्याचे सामर्थ्य एखाद्या जुन्या, दुर्लक्षित जातीत दडलेले असू शकते. ती जातच नष्ट झाली, तर ते सामर्थ्य पुन्हा निर्माण करता येत नाही.

वसईच्या वाड्यांत राजेळी, मुठेळी, तांबडी, सोनकेळी, बसराई अशा नाना जातींची केळी पिढ्यान्‌पिढ्या लावली गेली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली, की मधुर सुकेळी होतात. आगाशीच्या परिसराचा हा जुना लौकिक आहे. २००९ साली येथे वसई-विरार महानगरपालिका झाली. वस्ती वाढली व अनेक वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. त्या वाड्यांबरोबर जुन्या जातींचे मुनवेही दुर्मीळ होत चालले आहेत. तरीही आपल्या वाडवडिलांची जात टिकावी म्हणून दरसाल तिचे मुनवे निगुतीने लावणारे बागाईतदार अद्याप आहेत. गार्सियाने ज्यांची नावे आदराने लिहून ठेवली, त्या माळ्यांचे हे वारस होत. त्याने झाडांची नावे ग्रंथात जपली. ती झाडे जमिनीत जपण्याचे काम त्यांच्या हातून होत आहे.