ग्रहणाचा फोटो काढणारे प्रोफेसर



गेल्या हिवाळ्यात मी आणि दादाने आमच्या ६ इंची टेलिस्कोपला त्याचा मिररलेस कॅमेरा जोडायचा घाट घातला. बोईसरला एमआयडीसीच्या दिव्यांनी आकाश पिवळट दिसतं, म्हणून सामान घेऊन केळव्याच्या किनाऱ्यावर गेलो. आयपीस काढला, टी-रिंगने कॅमेरा बसवला, तर चंद्र म्हणजे नुसता पांढरा गोळा! फोकसर पूर्ण आत ढकलला तरी सेन्सर फोकसपर्यंत पोचेना. वास्तविक दादाच्या कॅमेऱ्यात माउंटपासून सेन्सर फक्त १८ मिमी आत आहे. पण नेहमीची टी-रिंग मुद्दाम लांब असते, एकूण अंतर ५५ मिमीच भरतं. म्हणजे पातळ कॅमेऱ्याचा फायदा शून्य. आखूड अ‍ॅडॉप्टर आणला तेव्हा कुठे चंद्रावरची विवरं दिसली.

या खटपटीत वाचता वाचता कावसजी दादाभाई नायगमवाला भेटले. (आडनाव वाचून मला आधी वसईजवळचं नायगाव स्टेशनच आठवलं!) जन्म १८५७चा. एल्फिन्स्टन कॉलेजातून एम.ए. झाले आणि तिथेच शिकवू लागले. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी ५००० रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढेच घातले. त्यातून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची दुर्बीण आली. भारतात तेव्हा तेवढी मोठी दुसरी नव्हती. एका इंजिनिअरिंग कॉलेजात! मला तर हेवाच वाटला.

१८९१ मध्ये त्यांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला. लॉकियर हे तेव्हाचं इंग्लंडातलं बडं प्रस्थ. तेजोमेघातली मुख्य रेषा मॅग्नेशियमची, असं त्यांचं मत होतं. नायगमवालांना ती रेषा नेहमी बारीक आणि स्पष्टच दिसली, मॅग्नेशियमच्या पट्ट्यासारखी नाही. त्यांनी तसं छापून टाकलं.

पण खरी कसोटी २२ जानेवारी १८९८ची. खग्रास सूर्यग्रहण, ठिकाण सोलापूर जिल्ह्यातलं जेऊर. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे लोकही तिथेच तळ ठोकून होते. नायगमवालांकडे प्रिझम लावलेला कॅमेरा होता. सूर्य झाकला जाताना कडेची बारीक कोर तेवढी उरते आणि तीच फटीचं काम करते, त्यामुळे वेगळी फट लागत नाही. त्या क्षणी वर्णपटातल्या काळ्या रेषा एकदम उजळतात, काही सेकंदच. खग्रास अवस्थाच जेमतेम दोन मिनिटांची. काचेच्या प्लेटवर फोटो, मागे स्क्रीन नाही. फोकस चुकला तर ते प्लेट धुतल्यावरच कळणार. मला चंद्र दुसऱ्या रात्री परत मिळाला, त्यांना ते ग्रहण परत मिळणार नव्हतं. फोटो आले! त्याचा सविस्तर अहवाल त्यांनी १९०२ मध्ये छापला.

१९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद केली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. नायगमवाला १९३८ मध्ये वारले. दुर्बिणीला पुढे भावनगर टेलिस्कोप हे नाव पडलं, आणि नव्या वेधशाळेसाठी जागा शोधताना तिला लेहलाही नेलं. पुण्याला मात्र ती परत आली नाही.