मोजणारा माणूस : हान्स गायगर

सिनेमात रेडिएशन दाखवायचं असलं की कुणीतरी हातात एक डबा घेऊन येतो आणि डबा टक-टक वाजायला लागतो. तो गायगर काउंटर, हे सगळ्यांना माहीत असतं. पण हा गायगर कोण? फर्स्ट इयरच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला जी. एम. ट्यूबचा ग्राफ काढला, तेव्हापासून मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले.

हान्स गायगरचा जन्म ३० सप्टेंबर १८८२चा, जर्मनीतल्या नॉयश्टाट गावचा. वडील विल्हेल्म गायगर पाली आणि सिंहली भाषांचे मोठे पंडित. श्रीलंकेचा 'महावंस' हा पाली ग्रंथ त्यांनी संपादित केला. मुलगा मात्र फिजिक्सकडे वळला. १९०६मध्ये डॉक्टरेट घेतली आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये मँचेस्टरला रदरफर्डच्या हाताखाली काम सुरू केलं.

तेव्हा अल्फा कण मोजायचे म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसून पडद्यावरच्या बारीक चमका मायक्रोस्कोपमधून एकेक करून मोजायच्या. डोळे फुटायची वेळ! गायगरकडे मात्र अफाट चिकाटी होती. त्याने आणि मार्सडेनने असंच मोजत १९०९मध्ये सोन्याच्या पत्र्यावरून उलटे फिरणारे कण पाहिले. त्यातूनच १९११मध्ये रदरफर्डला अणूचं केंद्रक सापडलं.

पण माणसाचे डोळे थकतात. म्हणून १९०८मध्येच रदरफर्डबरोबर त्याने विजेवर कण मोजणारं पहिलं यंत्र केलं होतं. मग जर्मनीला परतणं, पहिल्या महायुद्धात तोफखान्यात नोकरी आणि शेवटी कील विद्यापीठ. तिथे १९२८मध्ये वाल्थर म्युलर या विद्यार्थ्याबरोबर आजची जी. एम. ट्यूब तयार झाली. कमी दाबाचा गॅस भरलेली नळी, मधोमध बारीक तार आणि शेकडो व्होल्ट. एक कण आत शिरला तरी इलेक्ट्रॉन्सची लाट उसळते आणि एक टक वाजतो. साधं, स्वस्त, दणकट.

आता इंजिनिअरचा प्रश्न. अपघाताच्या जागी सर्वांत आधी पोचणाऱ्या फायरमनच्या हातात हाच डबा दिला की काम झालं का? नाही. प्रत्येक टकनंतर ट्यूब क्षणभर बंद असते, साधारण सेकंदाचा दहा हजारावा भाग. याला डेड टाइम म्हणतात. रेडिएशन फारच वाढलं तर साधी ट्यूब गुदमरते आणि चक्क कमी, कधी शून्यसुद्धा दाखवते.

मीटर कुठल्याही प्रकारचा असो, रेंज अपुरी पडली की काय होतं ते चेर्नोबिलला १९८६मध्ये दिसलं. त्या रात्री हाताशी असलेले बहुतेक मीटर तासाला ३.६ रॉन्टजनपर्यंतच मोजत होते. रिअॅक्टरजवळ प्रत्यक्ष आकडा त्याच्या हजारो पट होता. वरिष्ठांना मात्र ३.६च कळवलं गेलं. पुढच्या काही महिन्यांत कर्मचारी आणि फायरमन मिळून २८ जण रेडिएशनने गेले.

आणि धोका फक्त अणुभट्टीतच असतो असंही नाही. एप्रिल २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० निघालं आणि एकाचा जीव गेला.

म्हणून एका यंत्रावर भागत नाही. छातीवर लावायला अलार्म देणारा डोसमीटर हवा. तो एकूण किती डोस झाला तेही सांगतो. जागा तपासायला मोठ्या रेंजचा मीटर हवा, जो हद्द ओलांडली की 'ओव्हर' दाखवेल, शून्य नाही. कपड्यांवरची, अंगावरची धूळ तपासायला पातळ अभ्रकाची खिडकी असलेली जी. एम. ट्यूब हवी, कारण जाड भिंतीतून अल्फा कण आत येतच नाहीत. शिवाय ग्लोव्हज घालून बटण दाबता आलं पाहिजे आणि सायरनच्या गोंगाटातही अलार्म ऐकू आला पाहिजे.

गायगर २४ सप्टेंबर १९४५ला पॉट्सडॅमला गेला, हिरोशिमानंतर बरोब्बर सात आठवड्यांनी. त्याची ट्यूब आजही तशीच टकटकते आहे. पण ती विकत घेताना पहिला प्रश्न किमतीचा नको, तर ही जास्तीत जास्त किती मोजते आणि त्यापुढे काय दाखवते, हा हवा. आत जाणाऱ्याचा जीव त्या उत्तरावर असतो.