शाहू महाराजांचं नेटवर्क: रेल्वे, पेठ आणि पाणी

मोबाईलवर मॅप उघडा आणि मिरजेहून कोल्हापूरला येणारी रेल्वे लाइन शोधा. जेमतेम 48 किलोमीटरची ही लाइन कोल्हापुरात येऊन संपते. शेवटच्या स्टेशनला नाव आहे राजर्षी शाहू महाराजांचं. का, ते बघूया.

26 जून 1874 ला कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. 1888 मध्ये या रेल्वेचं काम त्यांच्याच हस्ते सुरू झालं, तेव्हा ते अजून अल्पवयीन होते. 1891 मध्ये गाडी धावू लागली आणि कोल्हापूर मिरजेमार्गे पुण्याला जोडलं गेलं.

1894 मध्ये राज्यकारभार हाती आला. ऊस पट्ट्याचा मुख्य माल गूळ. तो वजनाला जड आणि पावसात भिजला की खराब. त्यामुळे बैलगाडीनं लांब नेणं अवघड. गूळ विकायला जवळ पेठ आणि बाहेर पाठवायला रेल्वे, दोन्ही लागणार. म्हणून 1895 मध्ये महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली, तीही स्टेशनजवळच. नेटवर्कच्या भाषेत सांगायचं तर लाइन आधीच होती, त्यांनी तिला हब जोडलं.

पण पेठेत माल यायचा तर आधी पिकायला हवा, आणि पिकायला पाणी हवं. त्यासाठी त्यांनी भोगावती नदीवर राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं. पैशाअभावी ते 1918 च्या सुमारास थांबलं. 1917 मध्ये त्यांनी याच रेल्वे लाइनवर वडिलांच्या नावानं जयसिंगपूर वसवलं. सॅटेलाइट व्ह्यूमध्ये झूम करा: सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या. अमेरिका-कॅनडाच्या गवताळ शेती प्रदेशात रेल्वेलगत वसलेली गावंही अशीच चौकटीत आखलेली दिसतात.

6 मे 1922 ला मुंबईत महाराजांचं निधन झालं. धरण पुरं झालेलं त्यांना बघायला मिळालं नाही. ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालं. आज पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचा मेसेज ग्रुपवर येतो, त्याची सुरुवात तिथली.

आता पुन्हा मॅप बघा. कोल्हापूरच्या पश्चिमेला सह्याद्री आहे आणि पलीकडे कोकण रेल्वे. मधला तुकडा अजून रिकामाच आहे. तो जोडायचं काम आपल्या पिढीकडं आलंय.