चीनला गेलेले आपले डॉक्टर



दरवर्षी आपल्या देहूतून तुकोबांची पालखी पंढरपूरला जाते. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यातल्या सोलापूर शहरात १० ऑक्टोबर १९१० रोजी डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. मुंबईला शिकून ते डॉक्टर झाले.

त्या वेळी आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. तिकडे १९३७ साली जपानने चीनवर मोठी स्वारी केली. हजारो माणसे जखमी झाली, पण औषधपाणी करायला डॉक्टर पुरेनात. चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. तेव्हा सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. आपण स्वतःच पारतंत्र्यात, तरी काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टर चीनला पाठवले. त्यांत कोटणीस होते. वय अवघं सत्तावीस!

चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची बातमी आली. घरी परत जावं, असं कुणालाही वाटलं असतं. पण जखमींना सोडून ते आले नाहीत.

ते चिनी भाषा शिकले. सैनिकांबरोबर डोंगरदऱ्यांतून पायी हिंडले. १९४० सालच्या एका लढाईत तर त्यांनी सलग बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. कॅनडाचे डॉ. बेथ्यून असेच चीनच्या मदतीला आले होते आणि १९३९ साली तिथेच वारले. त्यांच्या नावाच्या इस्पितळाचे कोटणीस १९४१ साली प्रमुख झाले. तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. किती छान नाव!

पण अतिश्रमाने त्यांची तब्येत ढासळली. त्यांना फिट येऊ लागल्या. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते वारले. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते आणि बाळ जेमतेम साडेतीन महिन्यांचे. पाचांपैकी चौघे मायदेशी परतले, कोटणीस मात्र परत आले नाहीत.

१९४७ साली आपण स्वतंत्र झालो. १९४९ साली चीनमध्ये क्रांती होऊन नवे सरकार आले. पुढे १९६२ साली याच दोन देशांत युद्ध झाले. तरीसुद्धा चिनी लोक कोटणीसांना विसरले नाहीत. शिच्याच्वांग शहरात त्यांची समाधी व पुतळा आहे. चीनने १९८२ साली आणि भारताने १९९३ साली त्यांचे टपाल तिकीट काढले. व्ही. शांताराम यांनी १९४६ सालीच त्यांच्यावर चित्रपट काढला होता. सोलापुरात त्यांच्या राहत्या घरी स्मारक आहे.

मित्रांनो, राज्याराज्यांत भांडणे होतात आणि मिटतातही. पण दुखणाईत माणसाची सेवा करताना तो कुठल्या देशाचा, हे डॉक्टर कोटणीसांनी कधी पाहिले नाही. म्हणूनच दोन्ही देश त्यांना आपलाच माणूस मानतात. पालकहो, सोलापूरकडे जाणे झाले, तर मुलांना हे स्मारक जरूर दाखवा.