विश्लेषण : कर्करोगाच्या मुळाशी जाणारे डॉ. खानोलकर कोण होते?

पनवेल तालुक्यातील खारघरचे ‘अॅक्ट्रेक’ हे टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन व उपचार केंद्र अनेकांना ठाऊक आहे. या संस्थेचे मूळ १९५२ मध्ये मुंबईत परळला सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात आहे. त्या केंद्राचे संस्थापक संचालक होते डॉ. वसंत रामजी खानोलकर.

सुरुवात कशी झाली?

खानोलकरांचा जन्म १८९५ चा. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये त्यांनी विकृतिशास्त्रात एम.डी. केले. मुंबईत परतल्यावर त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. रुग्णाच्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान करणे, हे त्यांचे रोजचे काम.

त्यांचे वेगळेपण काय?

निदान करून ते थांबले नाहीत. रुग्ण कुठला, काय खातो, कोणता पोशाख करतो, हेही त्यांनी पाहिले. खैनीची गोळी खालच्या ओठात धरणाऱ्यांना नेमक्या त्याच जागी कर्करोग होतो, धोतराची गाठ वर्षानुवर्षे घासून कमरेवरही तो होऊ शकतो, अशा नोंदी त्यांनी केल्या. तंबाखू चघळणे व धूम्रपान यांचा तोंड आणि घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी सहकाऱ्यांसह १९५५ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला. कर्करोग म्हणजे निव्वळ नशिबाचा भाग नाही, हे त्यातून पुढे आले.

हे आज महत्त्वाचे का?

कारण पसरलेला कर्करोग रोखणे फार कठीण असते. तोंडातील गाठीच्या पेशी आधी बहुधा मानेतील लसिका ग्रंथींत जातात. रक्तात शिरलेल्या पेशींभोवती प्लेटलेट्स जमतात, बारीक गुठळीचे कवच तयार होते आणि शरीराच्या संरक्षक पेशींपासून त्या लपतात. मग रक्त गोठू न देणारी औषधे हा प्रसार थांबवतील का? हेपॅरिनमुळे प्रसार कमी झाल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. माणसांमध्ये मात्र तसा ठोस पुरावा मिळालेला नाही. कर्करोगाच्या रुग्णाला गुठळीचा धोका अधिक असतो. त्यासाठी ही औषधे दिली जातात. पण त्यांनी रक्तस्रावही होऊ शकतो. म्हणून ती डॉक्टरांना न विचारता सुरू करू नयेत, बंदही करू नयेत.

पुढे काय झाले?

खानोलकर आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष झाले, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पद्मभूषणचे ते मानकरी. कुष्ठरोगावरही त्यांनी संशोधन केले. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे परळची संशोधन संस्था खारघरला आली.

वाचकांनी काय करावे?

तंबाखू, गुटखा, मिश्री सोडावी. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली किंवा तोंड पूर्ण उघडेनासे झाले, तर दुखण्याची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. सुरुवातीला ही गाठ अनेकदा दुखत नाही, आणि त्याच टप्प्यावर ती बरी होण्याची शक्यता सर्वाधिक असते.